सुई कोणाच्या हातीं?
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

आजच्या विषयाचें नांव उच्चारतांना माझ्यासारख्या जुन्या शाळामास्तराची जीभ थोडी अडखळते, हें मी आरंभींच कबूल करतों. पुरुषाच्या इंद्रियास शैथिल्य येणें, हा तो विकार होय. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्यास ‘क्लैब्य’ असें स्पष्ट नांव असून, वाजीकरण हें त्या शास्त्राच्या आठ अंगांपैकीं एक अंगच मानलेलें आहे. परंतु आपल्या घरांत त्या विकाराचा उल्लेख होत नाहीं, आणि रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतींवर मात्र तो हातभर अक्षरांत रंगविलेला असतो. ज्या दुखण्याविषयीं शहाणीं माणसें बोलत नाहींत, त्याविषयीं भोंदू माणसें फार बोलतात, एवढाच याचा अर्थ.

तथापि मला आज त्या विकाराविषयीं थोडें आणि त्याच्या बिलाविषयीं पुष्कळ सांगावयाचें आहे. आणि तेंही अमेरिकेंतील बिलाविषयीं. आपण विचाराल, अमेरिकेंतल्या एखाद्या वृद्ध गृहस्थाच्या डॉक्टरी बिलाशीं इकडच्या निवृत्त मास्तराचा संबंध काय? संबंध असा कीं, तीं बिलें आतां कित्येकदां आपल्याच मुलामुलींच्या हातांखालून जातात. तिकडच्या दवाखान्यांचे कागद वाचून त्यांवर संकेतांक, म्हणजे ज्याला ते ‘कोड’ म्हणतात तो, घालून देणाऱ्या कचेऱ्या पुण्यांत आहेत, नवी मुंबईंत आहेत, आणि त्यांत शेंकडों पदवीधर मुलें काम करीत आहेत.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच एका कचेरींत आहे. गेल्या दिवाळींत ती भेटीस आली असतां मीं सहज विचारलें, “काय गं, तूं तेथें नक्की करतेस तरी काय?” ती म्हणाली, “सर, डॉक्टरांनीं जें केलें असेल, तें मी अंकांत लिहितें.” “कोणत्या रोगांचें?” “सध्यां मूत्ररोगांचें.” आणि मग वर सांगितलेल्या विकाराचेंच उदाहरण घेऊन ती मला समजावूं लागली. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहूं लागलों. तें ओळखून ती हंसली व म्हणाली, “सर, आमच्यापुढें माणसाचें लाजणें येत नाहीं, त्याचा कागद येतो. आणि कागदावरचा अंक चुकला, तर त्या म्हाताऱ्या माणसाला तरी भुर्दंड बसतो, नाहीं तर सरकारला तरी.” त्या वाक्यानें माझा संकोच गेला. कोणाही रोग्याचें नांवगांव तिनें मला सांगितलें नाहीं. तें सांगूं नये असा तिकडे १९९६ सालापासून कायदाच आहे. म्हणून पुढें ज्या गृहस्थाचें उदाहरण मी घेणार आहें, तो केवळ कल्पनेंतला आहे, हें ध्यानांत असूं द्यावें.

प्रथम औषधाची हकीकत. १९८२ सालीं पॅरिस येथील शस्त्रवैद्य रोनाल्ड विराग यांनीं पॅपाव्हेरीन नांवाचें औषध थेट इंद्रियांत टोंचल्यानें त्याचें शैथिल्य तात्पुरतें नाहींसें होतें, असें प्रसिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनीं लास व्हेगास येथें भरलेल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेंत हा प्रयोग स्वतःच्या देहावर करून त्याचा परिणाम भर सभेंत दाखविला. त्यानें सभ्य मंडळी दचकली असतील. परंतु हा विकार केवळ मनाचा खेळ नसून रक्तवाहिन्या व स्नायू यांचा प्रश्न आहे, हें त्या दिवशीं पुष्कळांस पटलें. १९९२ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें बोलाविलेल्या परिषदेंत ‘नपुंसकता’ या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द सोडून ‘उत्थानदोष’ या अर्थाचा नेमका शब्द वापरावा असें ठरलें. पुढें १९९५ सालीं अल्प्रोस्टॅडिल या औषधाच्या टोंचणीस तिकडच्या सरकारची मान्यता मिळाली, १९९६ सालीं मूत्रमार्गांत ठेवावयाच्या त्याच औषधाच्या बारीक वडीस मिळाली, आणि १९९८ च्या मार्चांत तोंडानें घ्यावयाच्या त्या प्रसिद्ध गोळीस, म्हणजे व्हायाग्रास, मिळाली.

गोळी आली तरी सुई गेली नाहीं. हृदयविकारासाठीं जे नायट्रेट जातीचीं औषधें घेतात, त्यांना ही गोळी वर्ज्य आहे. प्रोस्टेट ग्रंथि काढण्याच्या शस्त्रक्रियेंत ज्यांच्या मज्जातंतूंस इजा झालेली असते, अशा कित्येकांना गोळीचा गुण येत नाहीं. त्यांना टोंचणीचाच आधार राहतो.

ही टोंचणी पहिल्यानें डॉक्टरांच्याच समोर व्हावी लागते, आणि त्याचें कारण सबळ आहे. कोणास किती मात्रा लागेल, हें आधीं सांगतां येत नाहीं. सामान्यतः अडीच मायक्रोग्रॅमपासून आरंभ करतात. पाठीच्या कण्यांतील मज्जेस इजा झालेल्या माणसास त्याच्याही निम्मी, म्हणजे सव्वा मायक्रोग्रॅम, देतात. मात्रा अधिक झाल्यास ताठरपणा तासन् तास उतरत नाहीं. तो चार तासांवर गेला, तर तातडीनें इस्पितळ गांठावें लागतें, नाहीं तर इंद्रियास कायमची इजा होण्याचा संभव असतो. म्हणून औषधाचा परिणाम पूर्ण उतरेपर्यंत रोग्यास दवाखान्यांतच बसवून ठेवतात. अशा एकदोन फेऱ्यांत मात्रा ठरली, म्हणजे त्यास स्वतःच्या हातानें टोंचून घेण्यास शिकवितात, आणि मग तो घरीं तें औषध आठवड्यांतून तीनपेक्षां अधिक वेळां नाहीं, अशा बेतानें वापरतो.

श्रोतेहो, येथेंच आपल्या विषयाचें मर्म आहे. औषध एकच, माणूस एकच, शरीराचा भागही एकच. परंतु सुई आरंभीं डॉक्टरांच्या हातीं असते आणि पुढें रोग्याच्या हातीं येते. बिलाच्या दृष्टीनें या दोन हातांमध्यें मोठें अंतर आहे.

हें बिल तीन प्रश्नांचीं उत्तरें देतें. माणसास काय झालें आहे? डॉक्टरांनीं काय केलें? आणि त्यासाठीं काय वापरलें? या तिन्ही उत्तरांसाठीं तीन निरनिराळीं पुस्तकें आहेत.

पहिलें पुस्तक रोगांचें. त्याचा वंश फ्रान्समधील झाक बर्तियों यांनीं १८९३ सालीं तयार केलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीपर्यंत जातो. १९४८ सालीं तें काम जागतिक आरोग्यसंघटनेकडे आलें, आणि त्याच्या दहाव्या आवृत्तीचें अमेरिकन रूप १ ऑक्टोबर २०१५ पासून तेथील बिलांवर चालू झालें. आपल्या विकाराचें घर त्यांत ‘एन५२’ हें आहे. परंतु घर सांगून भागत नाहीं, खोली सांगावी लागते. प्रोस्टेटच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आलेला दोष असेल, तर एन५२.३१, औषधांमुळें आलेला असेल, तर एन५२.२, दुसऱ्या एखाद्या रोगाच्या पोटीं आलेला असेल, तर एन५२.१. या शेवटच्या प्रकारांत एक नियम असा आहे कीं, मूळ रोग आधीं लिहावा व त्याचा परिणाम मागाहून. मधुमेही माणसाच्या बिलावर प्रथम मधुमेहाचा अंक पाहिजे, नंतर हा. आमच्या व्याकरणांत जसा कर्ता आधीं शोधावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. आणि कारण शोधण्याचे श्रम न घेतां जो ‘कारण अनिर्दिष्ट’ या अर्थाचा एन५२.९ लिहून मोकळा होतो, त्याचें उत्तर चूक नसलें तरी अर्धें असतें.

दुसरें पुस्तक डॉक्टरांच्या कृतींचें. तें अमेरिकन मेडिकल असोसिएशननें १९६६ सालीं प्रथम प्रसिद्ध केलें. त्यांत इंद्रियाच्या पोकळ भागांत औषध टोंचण्याच्या कृतीस ५४२३५ हा अंक दिलेला आहे. त्याच दिवशीं डॉक्टरांनीं रोग्याची निराळी व पुरेशी तपासणी केली असेल, तर तिचें मोल वेगळें मागतां येतें व त्यासाठीं ‘२५’ हें पुरवणी चिन्ह जोडतात. मात्र सुई टोंचण्यापूर्वीं दोन शब्द विचारले, एवढ्यास तपासणी म्हणत नाहींत.

तिसरें पुस्तक औषधांचें व साहित्याचें. आणि त्यांत अल्प्रोस्टॅडिलच्या टोंचणीचा अंक जे०२७० हा होय. त्याची व्याख्या ऐकण्यासारखी आहे. तिच्यांत प्रथम औषधाचें नांव व ‘१.२५ मायक्रोग्रॅम’ हें परिमाण आहे. आणि पुढें कंसांत असें म्हटलें आहे कीं, मेडिकेअरसाठीं हा अंक औषध डॉक्टरांच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीं दिलें गेलें असतां वापरावा, रोगी स्वतः तें घेत असतां वापरूं नये. मूत्रमार्गांतील वडीचा अंक जे०२७५. त्यासही हाच कंस जोडलेला आहे. म्हणजे औषधाच्या नांवाबरोबर तें देणारा हात कोणता, हें अंकाच्या व्याख्येंतच लिहून ठेवलें आहे.

आतां त्या १.२५ कडे वळूं. हा अंक पाहून मला माझें बाळपण आठवलें. १.२५ म्हणजे आपले सव्वा! आम्ही लहानपणीं पावकी, निमकी, पाउणकी यांच्यामागून सवायकी घोकीत असूं. आतां कल्पना करा, ओहायो प्रांतांत एक बहात्तर वर्षांचा मधुमेही गृहस्थ आहे व त्यास दवाखान्यांत २० मायक्रोग्रॅम औषध टोंचलें. बिलावर परिमाणांची संख्या किती घालावी? घाईंत असलेला मनुष्य सरळ २० घालतो. परंतु ज्यानें सवायकी म्हटली आहे, तो जाणतो कीं सोळाची सवापट वीस. म्हणून संख्या १६ पाहिजे. २० घातले, तर चार परिमाणांचे पैसे फुकट मागितले असें होतें. एक टोंचणी म्हणून १ घातला, तर डॉक्टरांस पदरचे पैसे भरावे लागतात. दहा मायक्रोग्रॅमचे ८, चाळीसचे ३२, असा हा हिशेब आहे. वडीच्या बाबतींत मात्र सवायकी नको. एक वडी म्हणजे एकच.

एका वेळच्या वापराची कुपी २० मायक्रोग्रॅमची असून रोग्यास १० च लागले, तर उरलेलें टाकून द्यावें लागतें. तें लपवावयाचें नसतें. दिलेल्या औषधाचे ८ एका ओळींत व टाकलेल्याचे ८ ‘जेडब्ल्यू’ या चिन्हासह दुसऱ्या ओळींत लिहितात, आणि टाकल्याची नोंद रोग्याच्या कागदांत करतात. कांहींच टाकलें नसेल, तर ‘जेझेड’ हें चिन्ह लिहिण्याची सक्ती १ जुलै २०२३ पासून आहे. कांहीं उरलें नाहीं, हेंही सांगावें लागतें, इतका हा हिशेब काटेकोर आहे.

आतां पैसे कोण देतो तें पाहूं. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठीं असलेली मेडिकेअर ही सरकारी विमायोजना अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीनें ३० जुलै १९६५ रोजीं अस्तित्वांत आली. तिचा ‘ब’ विभाग डॉक्टरांच्या सेवेचे पैसे देतो. वर्षारंभींची ठराविक रक्कम रोग्यानें भरल्यावर साधारणतः शेंकडा ८० सरकार देतें व शेंकडा २० रोगी. दवाखान्यांत टोंचलेलें औषधही या विभागांत येतें, परंतु तें ‘रोगी सामान्यतः स्वतःच घेतो’ अशा वर्गांतलें असतां कामा नये. तें तसें आहे कीं नाहीं, हें ठरवून याद्या करण्याचें काम प्रांतोप्रांतीं नेमलेल्या हिशेबनीस मंडळ्यांकडे आहे. अल्प्रोस्टॅडिल हें पुढें घरींच घेतलें जाणारें औषध असल्यामुळें येथें फार जपावें लागतें. औषध त्या प्रांताच्या यादींत असलें, तर तें डॉक्टरांनीं स्वतः टोंचलें तरी त्याचे पैसे मिळत नाहींत. यावरून एक गोष्ट लक्षांत ठेवावी कीं, पुस्तकांत अंक आहे म्हणून पैसे मिळतीलच असें नाहीं. अंक हें वस्तूचें नांव आहे, तिची हुंडी नव्हे.

आणि घरीं नेलेल्या औषधाचें काय? मेडिकेअरचा औषधांचा ‘ड’ विभाग २००६ सालीं सुरू झाला. परंतु १ जानेवारी २००७ पासून या विकारावरील औषधें कायद्यानेंच त्याच्या मूळ लाभांतून वगळण्यांत आलीं. गंमत अशी कीं, व्हायाग्रांतील सिल्डेनाफिल हेंच द्रव्य फुप्फुसांतील रक्तदाबाच्या रोगासाठीं दिलें, तर तें वगळलेलें नाहीं. पुढें याच विकारावरील निर्वात नळीच्या उपकरणाचे पैसेही मेडिकेअरनें १ जुलै २०१५ पासून बंद केले. कायदा करणारांस हा विकार चैनीचा वाटला असावा. प्रोस्टेटच्या कर्करोगांतून वांचलेल्या माणसास तो तसा वाटत नाहीं.

आतां माझ्या विद्यार्थिनीनें सांगितलेला प्रसंग सांगतों. एका दवाखान्याचा कागद तिच्यापुढें आला. त्यांत डॉक्टरांची टीप अशी कीं, २० मायक्रोग्रॅमची एक मात्रा येथें टोंचली व तशाच सहा मात्रा रोग्यास घरीं वापरण्यास दिल्या. बिलाच्या मसुद्यांत मात्र जे०२७० या अंकापुढें ११२ परिमाणें मांडलेलीं होतीं. तिनें हिशेब केला. दवाखान्यांतील एका मात्रेचीं १६, घरच्या सहांचीं ९६, बेरीज ११२. म्हणजे बेरीज बिनचूक होती, पण सांगितलेली गोष्ट खोटी होती, कारण सातही वेळां सुई डॉक्टरांच्या हातीं होती असें तें बिल म्हणत होतें. वरिष्ठ म्हणाले, दवाखान्यानेंच लिहिलें आहे, जाऊं दे. तिनें जाऊं दिलें नाहीं. शंका लिहून कागद परत पाठविला, आणि तो १६ परिमाणांचा होऊन आला.

हें सांगून ती गप्प बसली. मीं तिला शाबासकी दिली, तर तिचा चेहरा उतरलेलाच. म्हणाली, “सर, बिल खरें झालें, पण त्या सहा मात्रांचे पैसे त्या माणसाच्या खिशांतून गेले असणार. त्याला आधीं कोणी सांगितलें तरी होतें कीं नाहीं, कोण जाणे. मी चूक केली का?”

वर्गांत अनेक अवघड प्रश्न मला विचारले गेले आहेत, पण याचें उत्तर देण्यास मला जरा वेळ लागला. मी म्हणालों, “बाळ, तुझी चूक नाहीं. कायदा कठोर असेल, तर तो बदलण्याची जागा कायदेमंडळांत आहे, बिलाच्या ओळींत नाहीं. दयेपोटीं एका म्हाताऱ्यासाठीं खोटा अंक लिहिला, तर उद्यां लोभापोटीं हजारांसाठीं लिहिला जाईल, आणि अंक पाहून दोघांतला फरक कोणासही कळणार नाहीं. दया करावयाची जागा निराळी होती. ती सुई टोंचण्याच्या आधीं होती. ‘बाबा, दवाखान्यांतल्या औषधाचें असें आहे, घरच्याचे पैसे तुमचे तुम्हांलाच द्यावे लागतील आणि ते इतके होतील,’ हें त्याला कोणीतरी लिहून द्यावयास हवें होतें.” तशी लेखी पूर्वसूचना देण्याचा रिवाज तिकडे आहेही. नकार येण्याचा संभव असेल, तेथें रोग्यापुढें आधींच कागद ठेवून त्याची सही घेतात. खोट्या मागणीविषयींचा तिकडचा कायदा तर अब्राहम लिंकन यांच्या वेळचा, १८६३ सालचा आहे. त्याखालीं आतां सरकारच्या नुकसानीच्या तिप्पट रक्कम भरावी लागते. परंतु तिनें कागद परत पाठविला तो तिप्पट दंडाच्या भीतीनें नव्हे, हें मला ठाऊक आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांचे भाऊ, चुलते वा मेहुणे अमेरिकेंत स्थायिक होऊन आतां वार्धक्यास पोंचले आहेत. त्यांच्यापैकीं कोणावर असा प्रसंग आल्यास त्यानें लाजेनें गप्प बसूं नये. सुई टोंचण्यापूर्वीं चार गोष्टी विचारून घ्याव्या. हें औषध दवाखान्यांत कोण देणार? या प्रांतांत विमा त्याचे पैसे देतो काय? घरीं न्यावयाच्या औषधाचें बिल निराळें होणार काय? आणि नकार आला तर मला किती द्यावे लागतील, तें लिहून मिळेल काय? डॉक्टरांस हे प्रश्न नवे नाहींत. विचारणारासच ते अवघड वाटतात.

आणि ज्यांचीं मुलें अशा कचेऱ्यांत काम करतात, त्यांनीं ‘परक्या लोकांचीं बिलें लिहितो’ म्हणून त्यांच्या कामास हलकें लेखूं नये. समुद्रापलीकडचा एक वृद्ध मनुष्य आपलें सर्वांत खाजगी दुखणें डॉक्टरांपुढें उघडें करतो, त्याचे चार अंक होतात, आणि ते अंक खरे राहतील कीं नाहीं, हें पुण्यांतल्या एका टेबलाशीं बसलेल्या मुलीच्या सचोटीवर अवलंबून असतें. जातांना मीं तिला सवायकी म्हणून दाखविण्यास सांगितलें. ती सोळापर्यंत न अडखळतां म्हणाली, आणि कामावर जाण्याची वेळ झाली म्हणून उठली.